फाळका आणि जॅक यांच्यामधले तीन इंच

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी पिकअप ट्रक आणि त्यामागे ओढायचा कॅम्पर घेतला आहे, किंवा येत्या उन्हाळ्यापर्यंत घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रश्न अगदी छोटा आहे. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकचा मागचा फाळका, म्हणजे टेलगेट, खाली पाडला तर तो ट्रेलरच्या विजेच्या जॅकवर आपटतो का? ट्रक विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला तुमचा ट्रेलर ठाऊक नसतो. ट्रेलर विकणाऱ्याला तुमचा ट्रक ठाऊक नसतो. टक्कर होते ती या दोघांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेची जबाबदारी मालकाशिवाय कुणाचीच नसते. बहुतेकांना उत्तर मिळतं ते पहिल्याच सहलीत, कॅम्पग्राउंडवर, फाळक्याच्या पत्र्याला पोचा आल्यावर.

पूर्वी हा प्रश्न इतका येत नसे. हाताने फिरवायच्या जॅकला वर एक बारीक नळी आणि दांडा असायचा, आणि दांडा बाजूला वळवला की काम भागायचं. विजेच्या जॅकला मात्र डोकं असतं. त्यात मोटर, गिअर, बटणं आणि रात्रीसाठी दिवा, असं सगळं प्लास्टिकच्या खोक्यात बसवलेलं असतं. हे खोकं नळीपेक्षा बरंच रुंद आणि बऱ्याचदा उंचही असतं. त्यामुळे जुना जॅक काढून विजेचा बसवला की, कालपर्यंत बिनधास्त उघडणारा फाळका आज अडतो. त्यात फाळकेही बदलले आहेत. फोर्डच्या एफ-150 ची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पोचा काढणं साध्या पोलादी पत्र्यापेक्षा अवघड असतं. मागचा कॅमेरा, त्याची वायर, विजेचं कुलूप, काही ठिकाणी पायरीसुद्धा आता फाळक्यातच असते. एक ठोकर या सगळ्याला लागते.

आधी जॅक कसा चालतो ते लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीला, ए-फ्रेमला, जॅकची बाहेरची नळी बोल्टांनी घट्ट बसवलेली असते आणि डोकं त्या नळीच्या वर असतं. बटण दाबलं की आतली नळी खाली सरकते आणि जमिनीला टेकून ट्रेलरची दांडी उचलते. म्हणजे जॅक ‘आत घेतला’ तरी डोकं दांडीच्या तुलनेत एक इंचही खाली येत नाही. पाय पूर्ण वर घेतला की डोकंही खाली बसेल, असं अनेकजण धरून चालतात. तसं होत नाही. उलट दांडी उचलली की तिच्याबरोबर डोकंही वर जातं.

आता मापं. सपाट जागेवर ट्रेलर जोडा. वजन वाटून देणारा, स्प्रिंग बारचा हिच वापरत असाल तर बार चढवा. ट्रेलर प्रवासात जसा समतल राहतो तसाच उभा हवा. टेपने पहिलं माप घ्या फाळक्याच्या बिजागरीपासून हिचच्या बॉलच्या मध्यापर्यंतचं, जमिनीला समांतर. दुसरं बॉलच्या मध्यापासून जॅकच्या डोक्याच्या ट्रककडच्या कडेपर्यंतचं. डोक्याची कड धरायची, नळीचा मध्य नाही, कारण खोकं नळीच्या पुढे तीन-चार इंच सहज आलेलं असू शकतं. या दोन्हींची बेरीज करा. मग फाळक्याची बिजागरीपासून वरच्या कडेपर्यंतची लांबी मोजा. समजा, बिजागरी ते बॉल 14 इंच, बॉल ते डोक्याची कड 9 इंच आणि फाळका 21 इंचाचा. बेरीज 23, म्हणजे आडवा झालेला फाळका डोक्याच्या दोन इंच अलीकडेच थांबेल. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असणारच.

बेरीज फाळक्यापेक्षा कमी भरली तरी लगेच निराश होऊ नका. अजून उंची मोजायची आहे, आणि माझ्या मते खरा खेळ तिथेच आहे. फाळका उभा असतो तो बिजागरीवर फिरून आडवा होतो. आडवा झालेली स्थिती ही त्याची सर्वांत खालची. तेव्हा प्रश्न एवढाच, की आडव्या फाळक्याचा खालचा पत्रा जॅकच्या डोक्याच्या वर राहतो की नाही. हे पाहायला फाळका प्रत्यक्ष पाडू नका. फाळक्याएवढ्या लांबीचा जाड पुठ्ठा कापा, बिजागरीच्या पातळीला धरा, पातळी पाहायची नळी त्यावर ठेवून आडवा करा आणि डोक्याच्या वर किती जागा उरते ते मोजा. मग ट्रेलर सोडवून मोकळ्या ट्रकचा फाळका उघडा आणि त्याचा पत्रा पुठ्ठ्यापेक्षा किती खाली येतो ते बघा. काही फाळके आडवे होऊन आणखी जरासे खाली कलतात, कधी पायरीचा किंवा हँडलचा उंचवटा खाली येतो. हे सगळं वजा करून, जागा उंचीतली असो की लांबीतली, मी तीन इंच मोकळे धरतो. त्याहून कमी असेल तर मी त्याला जागा म्हणत नाही.

तीनच का? ट्रक आणि ट्रेलर नेहमी एका पातळीत नसतात. रस्त्यावरून कॅम्पसाइटच्या चढावर ट्रक चढला आणि ट्रेलर अजून रस्त्यावरच आहे, अशा वेळी बॉलपाशी खळगा तयार होतो आणि जॅकचं डोकं ट्रककडे झुकतं. डोक्याचा माथा बॉलपेक्षा 20 इंच उंच असेल आणि दोघांमधला कोन 5 अंशांनी बदलला, तर माथा जवळजवळ पावणेदोन इंच पुढे येतो. शिवाय फाळक्यावर माणूस बसला की तो थोडा दबतोच.

यातली एक गोष्ट ध्यानात आली की बराच गोंधळ संपतो. ट्रकमध्ये सामान भरलं की मागची बाजू दबते, त्यामुळे जागा कमी होईल अशी भीती वाटते. पण बॉल ट्रकलाच बसवलेला आहे. ट्रक दबला की बॉलही दबतो आणि बॉलवर टेकलेली दांडीही. फाळका आणि बॉल यांच्यातली उंची सामानाने बदलत नाही; बदलतो तो फक्त दोघांमधला कोन. ती उंची ठरते हिचच्या दांड्याला किती उतार दिला आहे त्यावर. उंच, फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकला ठेंगणा ट्रेलर समतल जोडायचा तर बॉल बराच खाली घ्यावा लागतो, आणि मग फाळका आपोआप जॅकच्या वर राहतो. याउलट साधा ट्रक आणि उंच चाकांचा, ऑफ-रोडसाठी उचललेला कॅम्पर अशी जोडी असेल तर दांडा जवळजवळ सरळच लागतो आणि जॅक थेट फाळक्याच्या वाटेत येतो. म्हणून शेजाऱ्याकडे तोच जॅक आहे आणि त्याला काही त्रास नाही, या माहितीचा तुम्हाला उपयोग नाही. जागा वाढवायची म्हणून बॉल मुद्दाम खाली घेणंही चूक. ट्रेलर नाकाडावर झुकून चालला तर त्याच्या धुरांवरचं वजन बिघडतं आणि ब्रेक लावताना त्रास होतो. ट्रेलर समतल, ही अट आधी, फाळका नंतर.

जागा कमी पडली की दुकानात पहिला सल्ला मिळतो तो लांब दांड्याचा किंवा हिच मागे वाढवणाऱ्या एक्स्टेन्शनचा. सोपं वाटतं: ट्रेलर आठ इंच मागे गेला, फाळका मोकळा झाला. मी कॅम्परसाठी हा मार्ग सुचवणार नाही, आणि का ते आकड्यांनीच सांगतो. बंपर हिचवर ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार बॉलवर यावा लागतो. 6,000 पौंडांच्या ट्रेलरसाठी तो 600 ते 900 पौंड झाला. 800 धरू. ट्रकच्या मागच्या धुरेपासून बॉल 65 इंचांवर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 145 इंच असेल, तर हे 800 पौंड पुढच्या चाकांवरून सुमारे 359 पौंड उचलून घेतात. बॉल आणखी आठ इंच मागे नेला की हाच आकडा 403 होतो. पुढची चाकं म्हणजे स्टिअरिंग. तिथलं वजन कमी होणं कुणालाच नको असतं. त्याहून गंभीर गोष्ट रिसीव्हरच्या, म्हणजे हिचचा दांडा ट्रकखाली ज्या चौकोनी नळीत शिरतो तिच्या, पिनेपाशी घडते. बॉल पिनेपासून 8 इंचांवर होता तो 16 इंचांवर गेला, तर त्याच वजनाने तिथे पडणारा वाकवणारा जोर दुप्पट होतो. म्हणूनच एक्स्टेन्शन बनवणारे लोक स्वतःच सांगतात, की ते लावल्यावर हिचची भार ओढण्याची मर्यादा कमी धरा. आणि बाजूने मोठा ट्रक वेगाने गेला, वारा आला, ट्रेलर डोलू लागला, की धुरेपासून जितका दूर बॉल तितकी ट्रकची शेपटी ढकलायला ट्रेलरला जास्त ताकद मिळते. फिफ्थ-व्हील ट्रेलर स्थिर चालतात ते त्यांचा जोड मागच्या धुरेच्या वर किंवा किंचित पुढे असतो म्हणून. ज्या गुणासाठी लोक एवढे पैसे मोजतात, त्याच्या नेमकं उलट आपण फाळका उघडण्यासाठी करू नये. जागा हिच लांबवून शोधू नका.

मग ती कशी सापडते? पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ए-फ्रेमवर जॅक साधारणपणे तीन बोल्टांनी बसतो, आणि ही तीन भोकं वर्तुळात समान अंतरावर असतात. म्हणजे बोल्ट काढून जॅक 120 अंशांनी फिरवता येतो. अशा तीन दिशा तुमच्याकडे आहेत. अनेक जॅकचं डोकं एका बाजूला लांबट असतं. ती लांबट बाजू ट्रककडे असेल तर ती फिरवून ट्रेलरच्या कडेला वळवली की इंच-दोन इंच मिळून जातात. फक्त गॅसच्या टाक्यांचं आवरण आड येत नाही ना, बटणांपर्यंत हात पोचतो ना, आणि वायर ताणली जात नाही ना, हे पाहा. काही ठिकाणी दोषी जॅक नसतोच, ते आवरण किंवा दांडीवर बसवलेली हत्यारांची पेटी असते. मापं घेताना तेही तपासा.

दुसरा उपाय ठेंगण्या डोक्याचा जॅक. विकत घेताना लोक उचलण्याची क्षमता बघतात. बाजारातले बहुतेक विजेचे जॅक 3,500 पौंडांचे असतात. 900 पौंड दांडीवर असणाऱ्या ट्रेलरला ते पुरून उरतात, स्प्रिंग बार चढवताना ट्रकचा मागचा भागही थोडा उचलावा लागतो तो धरूनसुद्धा. तेव्हा जास्त ताकदीचा जॅक घेऊन फायदा काही नाही, डोकं मात्र मोठं मिळतं. खोक्यावरच्या आकड्यांत बसवायच्या चकतीपासून माथ्यापर्यंतची उंची दिलेली असते का ते शोधा. नसेल तर दुकानात जाऊन टेप लावा. तुमच्याकडे जुना जॅक आहे, त्याची चकती ते माथा ही उंची मोजलेली असेल आणि फाळक्याखाली किती जागा आहे ते ठाऊक असेल, तर नव्या जॅकला किती उंची परवडते हा सरळ वजाबाकीचा हिशेब आहे. हाच हिशेब जॅक विकत घेण्याआधी झाला असता तर अर्ध्या लोकांचे पोचे टळले असते.

तिसरा उपाय फाळक्याकडूनच येतो, पण तो नवा ट्रक घेणाऱ्यांसाठी. होंडा रिजलाइनचा फाळका पहिल्या, 2006 च्या मॉडेलपासून खाली पडतो तसा दारासारखा बाजूलाही उघडतो. रॅमने 2019 मध्ये 60:40 अशा दोन भागांत विभागलेला, दोन्ही पाखं बाजूला उघडणारा फाळका आणला. फोर्डने 2024 च्या एफ-150 मध्ये फाळक्याच्या मधोमध एक दार देऊ केलं, ट्रेलर जोडलेला असतानाही आत जाता यावं हाच त्याचा हेतू. सतत ट्रेलर ओढणार असाल तर चामड्याच्या सीटपेक्षा या पर्यायावर पैसे खर्च करा, असं मी म्हणेन. जीएमसीच्या सहा प्रकारे उघडणाऱ्या फाळक्याचं मात्र जपून. त्यातला आतला लहान फाळका स्वतंत्रपणे खाली पडतो, आणि हिचचा दांडा-बॉल बसवलेला असेल तर ट्रेलर नसतानाही त्यावर आदळू शकतो. माहितीपुस्तिकेतली त्याबद्दलची सूचना वाचल्याशिवाय ते बटण दाबू नका.

बटणावरून आठवलं. विजेवर उघडणारा फाळका आणि विजेवर चालणारा जॅक ही जोडी मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. किल्लीच्या रिमोटवरचं बटण खिशात दाबलं जातं, भारतातून आलेल्या आजोबांच्या हातात किल्ली असते, मुलं खेळतात, आणि फाळका धाडकन जॅकवर येतो. कधी बटण दाबायचीही गरज नसते: 2024 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने 2020 ते 2024 या मॉडेलांचे सव्वातीन लाखांच्या आसपास सिल्व्हराडो आणि सिएरा एचडी ट्रक परत तपासणीला बोलावले, कारण फाळक्याच्या स्विचमध्ये पाणी शिरून तो आपोआप सुटू शकत होता. ट्रेलर जोडला की फाळक्याला कुलूप लावा. गाडीच्या पडद्यावर विजेचा फाळका बंद ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. ट्रेलरची सात पिनांची वायर जोडल्यावर फाळका आपोआप अडवला जातो का, हे पुस्तिकेत पाहा आणि एकदा पुठ्ठा व जाड उशी मध्ये ठेवून खात्रीही करून घ्या.

पण फाळका वरून पडतो त्यापेक्षा वाईट अपघात खालून होतो. कॅम्पसाइटवर पोचलात, अंधार पडत आलाय. चाकांना लावायचे ठोकळे आणि जॅकखालचे लाकडी तुकडे ट्रकच्या मागे ठेवलेत, म्हणून फाळका उघडला. तो जॅकवर आपटला नाही; दोन इंच जागा होती. मग उघड्या फाळक्याखालीच ट्रेलर बॉलवरून सोडवायला जॅकचं बटण दाबलं. कपलर, म्हणजे दांडीच्या टोकाची वाटी, बॉलवरून सुटला की दांडी एकटीच वर जाते, डोकं तिच्याबरोबर, आणि ते फाळक्याच्या पोटाला भिडतं. हाताने फिरवायच्या जॅकमध्ये दांडा जड झाला की हाताला कळतं. विजेच्या जॅकमध्ये बोटाला काहीच कळत नाही. हजारो पौंड उचलणारी मोटर फाळका वर ढकलत राहते, आणि आवाज आला तेव्हा बिजागरी वाकलेली असते. म्हणून ठोकळे, लाकडं, पातळी पाहायची नळी हे सगळं कॅम्परच्या पुढच्या कप्प्यात किंवा ट्रकच्या मागच्या सीटखाली ठेवा. जोडताना आणि सोडवताना ज्या वस्तू लागतात त्यांच्यासाठी फाळका उघडावाच लागू नये, अशी मांडणी करा. ही सवय लागली तर जागा कमी असलेल्या जोडीनेही वर्षानुवर्षं निभावतं.

जोडायला ट्रक मागे घेतानाही फाळका बंदच हवा. बॉल दिसावा म्हणून काहीजण तो पाडतात, पण कॅमेरा फाळक्यातच असतो. तो पाडला की कॅमेरा जमीन दाखवतो, आणि त्या वेळी दांडी बॉलपेक्षा वर उचललेली असल्याने डोकं नेहमीपेक्षा उंच असतं.

जॅक स्वतः बदलणार असाल तर थोडक्यात. ट्रेलर ट्रकला जोडलेला, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, बॅटरीची तार काढलेली, मगच जुना जॅक सोडवा. नव्या जॅकची 12 व्होल्टची तार बॅटरीच्या जवळ फ्यूज घालूनच जोडा, किती अँपिअरचा तो उत्पादक सांगेल. 30 चा सर्रास असतो. फ्रेमला जोडायची तार रंग खरवडून, उघड्या धातूवर घट्ट बसवा. डोकं ढिलं राहिलं, तार कुठे तरी अर्धवट टेकली, अशा कारणांनी जॅक वाटेत बंद पडतो आणि दोष मोटरला दिला जातो. तीनही बोल्ट पहिल्या प्रवासानंतर पुन्हा आवळा. चकती फ्रेमच्या वर बसलेली असेल तर दांडी उचलताना पूर्ण भार त्या बोल्टांवरच लटकतो.

शेवटची तपासणी बॅटरी संपल्यावरची. बहुतेक विजेच्या जॅकबरोबर हाताने फिरवायचा दांडा येतो. तो माथ्यावरचं झाकण काढून बसवतात आणि गोल फिरवतात. फाळका बंद ठेवून, ट्रेलर जोडलेला असताना, एकदा तो दांडा बसवून पूर्ण फेरा मारून पाहा. कॅमेऱ्याला, हँडलला किंवा तुमच्या बोटांच्या मागे पत्र्याला तो लागत असेल तर रॅचेटला बसणारा योग्य मापाचा सॉकेट आणून दांड्याच्या शेजारीच ठेवून द्या.